मीटरच्या रकान्यातला हात

रुग्णालय बांधणाऱ्यांनी ऊन यावं म्हणून प्रत्येक मजल्याला मोठमोठ्या खिडक्या ठेवल्या होत्या आणि उन्हाचं खातं मात्र तळघरात नेऊन बसवलं होतं. जिना उतरलं की डावीकडे धुतलेल्या चादरींची खोली, उजवीकडे मोडक्या खाटांचा ढीग आणि दोहोंच्या मधे एक दार. दारावर पाटी : 'प्रकाशोपचार'. आत माणसापेक्षा हातभर उंच असं एक लोखंडी कपाट उभं होतं. त्याच्या आतल्या अंगाला चोवीस लांब नळ्या. त्या पेटल्या की निळसर उजेड पडायचा आणि कपाट मधमाश्यांच्या पोळ्यासारखं गुणगुणायला लागायचं. अंगावर खवले धरलेले, पांढरे डाग पडलेले, खाजवून खाजवून मेटाकुटीला आलेले लोक आठवड्यातून तीनदा तिथे यायचे, कपडे खुंटीला टांगायचे आणि कपाटात जाऊन उभे राहायचे. उन्हातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही, कातडीला मात्र बरोबर कळतो, बरं करतो तसा जाळतोही, तेवढाच भाग त्या नळ्या निवडून देत. फुकटचं ऊन रस्त्यावर पडलेलं असताना माणसं तळघरात रांग लावत, यातली गंमत तिथे कोणाला सुचत नसे. खाज सुटलेल्या माणसाला गमती सुचत नाहीत.

या कपाटाचा सगळा कारभार उन्हाळेबाईंकडे होता. हे त्यांचं आडनाव नव्हे. तळघरात ऊन विकणाऱ्या बाई म्हणून कोण्या पेशंटने ठेवलेलं ते नाव, पण इतकं चिकटलं की एकदा आस्थापना विभागाकडून आलेलं रजेचं पत्रही 'श्रीमती उन्हाळे' यांच्या नावाने आलं. बाईंनी सही करून ते घेतलं. रुग्णालयात चूक दुरुस्त करायला अर्ज लागतो आणि चूक मान्य करायला नुसती सही पुरते, हे त्यांना एकोणीस वर्षांत चांगलं कळलं होतं.

बाई अंगाने काटकुळ्या, चालण्यात तुरतुर, आणि जिभेला धार. वय सत्तावन्नच्या पुढे, निवृत्तीला सात महिने उरलेले. त्यांचे नियम भिंतीवर त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लावलेले होते. डोळ्यांना काळा चष्मा. पुरुषांनी नाजूक भाग झाकून घ्यायचा. अंगाला अत्तर, तेल, पावडर काही नको. प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर प्रत्येक खेपेची तारीख, किती मिनिटं, किती सेकंद आणि आजवरच्या खेपांचा आकडा. दीडशेव्या खेपेपाशी लाल रेघ, तिथे थांबून डॉक्टरांकडून डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, मग पुढचं. या कार्डांवर बाईंचा एवढा जीव होता की एका पेशंटने कार्डावर चहाचा कप ठेवला तर त्याला त्या दिवशी तीन सेकंद उजेड कमी मिळाला, असं लोक सांगत. यात तथ्य नव्हतं, पण बाईंनी ते कधी नाकारलंही नाही.

पेशंटांमध्ये एक होते प्रुफवाले. छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासलेले, निवृत्त, कोपर-गुडघ्यांवर खवले. त्यांना जगात दोनच गोष्टींची भीती वाटायची : छापील चूक आणि कॅन्सर. बाईंची भिंतीवरची पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी लाल पेन्सिलीने दुरुस्त केली होती. दुसऱ्या भीतीचं निवारण ते खेपेगणिक करून घेत.

"बाई, याने कॅन्सर होतो का हो?" चड्डी आणि काळा चष्मा एवढ्याच वेशात, कपाटाच्या दारात उभं राहून ते विचारत.

"तुम्ही मागच्या गुरुवारी विचारलंत."

"त्याला चार दिवस झाले."

"चार दिवसांत उत्तर नाही बदललं. या खोलीतून अजून तरी कोणाला झालेला नाही. जा आत. हात वर."

"पण इंटरनेटवर—"

"इंटरनेटवर असं उभं राहून डाग जातात का? नाही ना? मग आत जा."

आणि दार बंद. हे वाक्य, या खोलीतून अजून तरी कोणाला झालेला नाही, बाईंनी हजारदा म्हटलं असेल. ते खरं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एकही पेशंट भाजला नाही, एकाचंही कार्ड हरवलं नाही. एवढी नीट ठेवलेली खोली त्या अख्ख्या इमारतीत दुसरी नव्हती.

फक्त एक गोष्ट त्या खोलीत नव्हती, ती म्हणजे मीटर.

नळ्या जुन्या होतात तसा त्यांचा जोर उतरतो. नव्या बसवल्या की जोर एकदम चढतो. आज किती जोर आहे हे कळल्याशिवाय कोणाला किती सेकंद उभं करायचं ते ठरवता येत नाही. कमी केलं तर डाग हटत नाहीत, जास्त केलं तर माणूस उकडलेल्या रताळ्यासारखा सोलून निघतो. म्हणून हातात मावणारं एक मीटर असतं. ते कपाटात धरायचं, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. विभागाचं मीटर नऊ वर्षांपूर्वी बंद पडलं आणि दुरुस्तीला गेलं. कुठे गेलं, हे ज्याला माहीत होतं तो कारकूनही यथावकाश निवृत्त झाला.

बाईंनी पत्रं लिहिली. पहिल्या पत्राला उत्तर आलं, बाब विचाराधीन आहे. दुसऱ्याला उत्तर आलं, विहित नमुन्यात लिहा. विहित नमुन्यात लिहिलं तर कळलं की नमुना बदललाय. पाचव्या की सहाव्या पत्राचं उत्तर बाईंनी जपून ठेवलं होतं आणि फार कंटाळा आला की त्या ते काढून वाचत : 'तळघरात विजेचा मीटर सुस्थितीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब दुसऱ्या मीटरची गरज स्पष्ट करावी.' त्या वेळचे विभागप्रमुख, मोठे डॉक्टर, भला माणूस. ते हसले आणि म्हणाले, "तोवर चालवून घ्या, सिस्टर."

त्या रुग्णालयात 'चालवून घ्या' हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा उपचार होता. लिफ्ट, पंखे, पाण्याची टाकी, सगळं त्याच्यावरच चाललं होतं. बाईंनीही चालवून घेतलं.

त्यांनी एका जाड पुठ्ठ्याला ओळीने सहा चौकोनी खिडक्या कापल्या. दर सोमवारी सकाळी, पेशंट यायच्या आधी, काळा चष्मा लावून आणि नखशिखांत काळ्या चादरीत गुंडाळून घेऊन त्या कपाटाच्या अर्धवट उघड्या दाराशी उभ्या राहत आणि फक्त डावा हात आत घालत. हातावर तो पुठ्ठा बांधलेला. उजव्या हाताने चादरीतूनच एकेक खिडकी झाकत जायची. पहिलीला थोडे सेकंद, दुसरीला त्याहून जास्त, असं सहावीपर्यंत. मंगळवारी सकाळी हातावर कितवा चौकोन गुलाबी झालाय ते बघायचं. तिसरा गुलाबी असला तर नळ्या ठणठणीत. पाचव्यापर्यंत काही दिसलं नाही तर नळ्या थकल्या. तो आकडा वहीतल्या मीटरच्या रकान्यात जाई आणि त्याच्या हिशेबाने चाळीस पेशंटांचे सेकंद ठरत. कातडी राबून राबून निबर होते हे बाईंना ठाऊक होतं, म्हणून पुठ्ठा दर आठवड्याला बोटभर सरकवायचा. पण हात कितीसा लांब असतो? मनगटापासून कोपरापर्यंत जायचं आणि परत मनगटापासून सुरुवात करायची.

चष्मा होता, चादर होती, वही होती. चाळीस जणांच्या एकेका सेकंदाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईंनी एकच कार्ड कधी काढलं नव्हतं. ते का, असं कोणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "मी काय पेशंट आहे?"

मग मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, मेहनती, वरच्या मजल्यावर दिवसाला शंभर पेशंट तपासणाऱ्या. दर आठवड्याला वही त्यांच्या टेबलावर जायची. मीटरच्या रकान्यात तीन, तीन, चार, तीन असे आकडे बघून त्या सही करायच्या. आकडा असला की सही करता येते. आकडा कशाचा, हे विचारायला वेळ लागतो.

डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढा होता. मनगटाच्या वर चार बोटांवर, लालसर, कोरडा, वर पापुद्रा. बाईंनी त्याच्यावर कपाटातलं मलम लावलं. महिन्याने तो मुगाएवढा झाला, मग शर्टाच्या बटणाएवढा. पापुद्रा काढला की खालून ओलसर लाल दिसे. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात, प्रुफवाल्यांच्या दुरुस्तीसह लिहिलेलं होतं : 'तीन आठवड्यांत बरा न होणारा कोणताही डाग किंवा जखम ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.' बाई दिवसातून चाळीसदा त्या पाटीसमोरून जात आणि चार महिने त्यांनी त्या डागावर पट्टी चिकटवली, वर तपकिरी लांब बाह्यांचा स्वेटर घातला, आणि पुठ्ठा उजव्या हाताला बांधायला सुरुवात केली.

आपण काय बघतोय ते त्यांना कळत नव्हतं असं समजू नका. त्यांना पक्कं कळत होतं. म्हणूनच तर स्वेटर.

घरी त्या आणि त्यांची थोरली नणंद, अशा दोघीच. बाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. ते गेल्यावर वन्संनी आपलं बिऱ्हाड मोडलं, एक शिवणयंत्र आणि एक इस्त्री एवढं घेऊन भावजयीकडे राहायला आल्या आणि तेव्हापासून दोघी रोज भांडून सुखाने नांदत होत्या. वन्सं आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. नजर अशी की रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कॉलरचा टाका सुटलेला त्यांना गॅलरीतून दिसे.

एका गुरुवारी संध्याकाळी बाई मोरीत तोंड धुवत होत्या आणि पट्टी सुटून पडली.

"काय गं ते?" वन्सं दारातूनच म्हणाल्या.

"काही नाही. इस्त्रीचा चटका बसलाय."

वन्संनी जवळ येऊन हात उजेडात धरून बघितला. मग म्हणाल्या, "बारा वर्षं झाली मला या घरात येऊन. तू इस्त्रीला हात लावलेला मी एकदाही बघितला नाही. इस्त्री कुठे ठेवतात ते तरी माहितेय का तुला?"

"वन्सं, जेवायला वाढू का?"

"इस्त्री कुठे ठेवतात?"

बाईंनी सांगितलं. पुठ्ठा, सहा खिडक्या, सोमवार, सगळं. वन्संनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, हेच आधी भीतिदायक होतं.

"म्हणजे नऊ वर्षं दर सोमवारी तू स्वतःला भाजून घेत होतीस," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि मी सोमवारी तुला डब्यात जास्तीचं देत होते, आठवड्याची सुरुवात म्हणून."

"भाजून नाही हो. नुसतं गुलाबी."

"दाखवलंस का डॉक्टरला?"

"दाखवलं की ती विचारणार कशाने झालं. मीटर नाही हे कळलं की त्याच दिवशी कपाटाला कुलूप. माझे चाळीस पेशंट कुठे जातील? दुसरं कपाट तीन तासांवर आहे. सात महिने राहिलेत, तेवढे—"

"तेवढं चालवून घेते, असं म्हण ना!"

आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटत नाही.

"आणि खरं सांग," वन्सं म्हणाल्या, "चाळीस पेशंटांचंच आहे का? का तो तुझा प्रुफवाला बरोबर ठरेल म्हणून?"

"त्याचा काय संबंध?"

"रोज घरी येऊन त्याच्या नकला करतेस ना, म्हणून विचारलं."

बाई उठून भांडी घासायला गेल्या. भांडी आधीच घासलेली होती.

शुक्रवारी सकाळी खुंटीवरचा तपकिरी स्वेटर काढला तर डावी बाही कोपरापाशी संपलेली. नुसती कापलेली नव्हती, आत दुमडून, बारीक टाके घालून, लोकर उसवू नये म्हणून वर पट्टी लावून नीट शिवलेली. उजवी बाही जशीच्या तशी. वन्सं चहा गाळत होत्या.

"हे काय वन्सं?"

"आता लपवून दाखव."

दुसरा स्वेटर नव्हता आणि तळघर गार. बाई एका बाहीच्या स्वेटरने कामावर गेल्या. वाटेत दोन माणसांनी वळून बघितलं. दोघांकडेही बाईंनी असं काही बघितलं की ते वाट बदलून गेले.

पहिला नंबर प्रुफवाल्यांचा. ते कपडे टांगून, चष्मा कपाळावर चढवून कपाटापर्यंत आले आणि थांबले. बाईंना वाटलं, नेहमीचा प्रश्न. पण ते हाताकडे बघत होते.

"बाई, दिवाळं निघालं की काय, अर्धा स्वेटर?"

"शिंप्याने चूक केली. आत जा."

"ही पट्टी पूर्वी एक असायची. बाहीच्या टोकाशी दिसायची जराशी. महिन्याभरापासून दोन जोडून लावता."

"तुम्ही माझ्या पट्ट्या मोजता?"

"चाळीस वर्षं मी स्वल्पविराम मोजले, बाई. सवय जात नाही. काय आहे खाली?"

"इस्त्रीचा—" बाई थांबल्या. त्या वाक्यात दम नाही हे काल सिद्ध झालं होतं. "तुम्हाला काय करायचंय? हात वर करा."

प्रुफवाले आत गेले नाहीत. ते मागे फिरले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि भिंतीवरची पाटी मोठ्याने वाचायला लागले. "तीन आठवड्यांत बरा न होणारा कोणताही डाग किंवा जखम—"

"वाचता येतं मला. मीच लिहिलंय."

"लिहिलंय तुम्ही, शुद्ध मी केलंय. म्हणजे पाटी दोघांची. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा, असं आहे पुढे. तुम्ही दाखवून येत नाही तोवर मी हलत नाही."

"बाहेर रांग आहे!"

"असू दे."

दृश्य असं : चड्डी घातलेला, कपाळावर काळा चष्मा चढवलेला एक म्हातारा स्टुलावर मांडी ठोकून बसलाय, गुडघ्यांवरचे खवले खाजवतोय आणि समोर एका बाहीच्या स्वेटरमधल्या बाई संतापाने लाल. बाहेरून लोक दार ठोठावू लागले. "काय चाललंय आत?" एकाने विचारलं. "उपोषण," प्रुफवाले आतून ओरडले. मग बाहेर हशा, मग कुजबुज, मग कोणीतरी म्हणालं, "बाईंना बरं नाहीये म्हणे." पाच मिनिटांत ही बातमी चादरींच्या खोलीपर्यंत पोचली. सरकारी पत्राला तेवढं अंतर कापायला दीड महिना लागायचा.

"तुमचा हा हट्ट मोडायचा म्हणून जातेय," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटांत येते. काही हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय? मला कॅन्सरची भीती वाटते."

डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली, भिंग लावलं आणि त्या बोलायच्या थांबल्या. भिंगातून बघताना बोलणं थांबवणारा डॉक्टर काय बघत असतो, हे एकोणीस वर्षं दाराशी उभं राहून बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. खिडकी मोठी होती. ऊन छान आलं होतं.

"सिस्टर, हे किती दिवस?"

"चार महिने."

"तुम्ही? चार महिने?"

मग वही मागवली गेली. मीटरच्या रकान्यातला आकडा कशाचा, ते बाईंनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली. दीड वर्षाचे सोमवार आणि प्रत्येकाखाली त्यांची स्वतःची सुबक सही.

"मी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

"विचारलं असतंत तर मी काहीतरी सांगितलं असतं," बाई म्हणाल्या. समजूत घालायची त्यांची ही पद्धत होती.

तुकडा काढून तपासायला गेला. कपाटाला कुलूप लागलं, बाईंना वाटलं होतं तसंच, त्याच दिवशी. निकाल यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस बाईंनी बंद खोलीत बसून कार्डं लावण्यात घालवले, आधी खेपांच्या क्रमाने, मग नंबराप्रमाणे, मग परत खेपांच्या क्रमाने. एकदा त्यांनी नऊ वर्षांच्या वह्या काढून स्वतःचे सोमवार मोजले. रजा, सुट्ट्या वजा जाऊन चारशे एकतीस भरले. त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. लाल रेघ दीडशेवर असते. ती केव्हाच ओलांडून गेली होती.

घरी वन्सं बोलायच्या थांबल्या होत्या. भांडण नाही, टोमणा नाही, 'अगं जेवून घे' एवढंच. बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली. नवव्या दिवशी त्यांनी न राहवून विचारलं, "वन्सं, स्वेटरची दुसरी बाही पण कापून द्या ना. एकसारखं तरी दिसेल."

"बरी होऊन ये. मग बघू," वन्सं म्हणाल्या आणि तोंड फिरवून यंत्रात दोरा ओवायला लागल्या. एरवी एका झटक्यात ओवणाऱ्या वन्संना त्या दिवशी चारदा ओवावा लागला.

निकाल आला. कर्करोगच, पण कातडीच्या वरच्या थरात. खाली उतरलेला नाही. "कापून काढला की बहुतेक काम झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं. दोन्ही हात."

"हे सोमवारांनीच झालं ना?"

"तसं छातीठोक सांगता येत नाही. वय आहे, आयुष्यभर अंगावर घेतलेलं ऊन आहे. पण एकाच हातावर चारशे वेळा गुलाबी होईपर्यंत मारा करायचा, तोही न मोजता, याचा काही हात नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्या पेशंटांचं वेगळं आहे. त्यांच्या नळ्या सौम्य, त्यांना आपण भाजू देत नाही, खेपा मोजतो, अंग तपासतो. त्यांचा धोका कमी आहे, कारण तुम्ही तो कमी ठेवलात."

बाईंचा डाग कापून निघाला, अकरा टाके पडले. वन्संनी टाके बघितले आणि म्हणाल्या, "बरे घातलेत. मी याहून बारीक घातले असते." त्या दिवसापासून घरात भांडण पूर्ववत सुरू झालं.

डॉक्टरीणबाईंनी दरम्यान वर एक पत्र पाठवलं होतं. ते विहित नमुन्यात नव्हतं. 'विभागाचे मापक उपकरण म्हणून गेली नऊ वर्षे सिस्टर यांचा डावा हात वापरात होता. सदर उपकरणास कर्करोग झाल्याने ते सेवेतून काढण्यात आले आहे. बदली उपकरण कधी मिळेल ते कळवावे.' नऊ वर्षांत जे मिळालं नाही ते नऊ दिवसांत आलं, खोक्यावर 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का मारून. भांडाराचे मुख्य कारकून स्वतः जिना उतरून ते घेऊन आले. आजवर त्यांना तळघर कुठे आहे ते माहीत नव्हतं.

"बाई," ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आधी सांगायचंत ना!"

"तेवीस पत्रं पाठवली साहेब."

"पत्रं हो! पण सांगायचंत ना!"

बाईंनी खोक्याच्या पोचपावतीवर सही केली. 'श्रीमती उन्हाळे' अशीच.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई आणि त्या दोघी तळघरात. मीटर कपाटात धरलं, आकडा आला. बाईंनी वही उघडून शेवटच्या सोमवारचा हाताचा आकडा पुढे केला. त्यांना खात्री होती. नऊ वर्षं कोणी भाजलं नव्हतं. हात आणि मीटर एकच सांगणार.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडेमोड केली, परत केली आणि हळूच म्हणाल्या, "हात थोडा उशिरा गुलाबी होत होता, सिस्टर. कातडी निबर झाली होती, आधी डाव्या हाताची, मग चार महिन्यांत उजव्याचीही. नळ्या आहेत त्यापेक्षा दमलेल्या वाटत होत्या तुम्हाला. तुम्ही सेकंद वाढवत चालला होतात. अजून भाजलं नसतं कोणी. पण आणखी सहा महिन्यांनी..."

अकरा टाक्यांनी जे दुखलं नव्हतं ते या वाक्याने दुखलं. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. चाळीस कार्डं पुढ्यात घेऊन त्यांनी एकेकाचे सेकंद नव्याने मांडले आणि प्रत्येक जुन्या आकड्यावर रेघ मारून खाली सही केली. खाडाखोड त्यांना आवडत नसे. चाळीस ठिकाणी केली. मग एक कोरं कार्ड काढलं, त्यावर स्वतःचं खरं नाव लिहिलं, खेपांच्या रकान्यात चारशे एकतीस लिहिलं, पुढच्या तपासणीची तारीख घातली आणि ते बाकीच्यांमध्ये क्रमाने लावलं.

मंगळवारी कपाट उघडलं. पहिला नंबर प्रुफवाल्यांचा. बाईंच्या स्वेटरला आता दोन्ही बाह्या अर्ध्या होत्या, आणि हातावर ताजा गुलाबी व्रण. प्रुफवाल्यांनी तो बघितला, नजर वळवली आणि चड्डीवर येऊन दारात उभे राहिले. पण माणूस स्वभावाला काय करणार?

"बाई," ते चाचरत म्हणाले, "रागावू नका. पण याने कॅन्सर होतो का हो?"

बाहेरच्या बाकावरच्यांनी कान टवकारले. एकोणीस वर्षं पाठ असलेलं ते वाक्य बाईंच्या तोंडापर्यंत आलं, आणि त्यांनी ते तिथेच थांबवलं. आता ते खोटं होतं, आणि प्रुफवाल्यांसमोर चूक छापायची नाही, एवढं त्या एव्हाना शिकल्या होत्या.

"या खोलीतून एकीला झालाय," त्या म्हणाल्या. "तिचं कार्ड नव्हतं. तुमचं आहे. आजची एकशे तेरावी खेप, आणि मागच्यापेक्षा दहा सेकंद कमी."

"कमी का?"

"माझी चूक होती. दुरुस्त केलीय. बघायचीय?"

प्रुफवाल्यांनी कार्ड हातात घेतलं, रेघ मारलेला आकडा बघितला, खालची सही बघितली आणि परत दिलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"चष्मा," बाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा खाली ओढला, हात वर केले आणि आत गेले.